सुरतेच्या किनाऱ्यावरचे गोलंदाज आणि राहून गेलेला मान

मराठी वाचकाला सुरत ठाऊक असते ती मुख्यतः दोन प्रसंगांमुळे. 1664 आणि 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांची ही श्रीमंत पेठ लुटली, आणि डिसेंबर 1907 मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनात टिळकांचे जहाल आणि त्यांच्या विरोधातले मवाळ इथेच एकमेकांपासून फुटले. त्यापुढची ओळख जरीकाम, कापड आणि हिऱ्यांची. या शहराची आणि त्याच्या आसपासच्या किनारपट्टीची आणखी एक ओळख आहे, पण ती सुरतेतल्या माणसालाही सहसा सांगता येत नाही. नवसारी, सुरत आणि भरूच या सलग पट्ट्याने भारतीय क्रिकेटला सव्वाशे वर्षांच्या अंतरात तीन मोलाचे चेंडूफेके दिले : मेहेलाशा पावरी, रुसी सुरती आणि मुनाफ पटेल. त्यातल्या पहिल्याने तर भारतीय खेळाडू इंग्लंडहून आलेल्या संघाला हरवू शकतात हे 1890 मध्येच दाखवून दिले. तरीही पावरींच्या नावाचा करंडक नाही, पदक नाही. माझ्या मते ही केवळ एका माणसाची उपेक्षा नाही. आपल्याकडे क्रिकेटमधला मान फलंदाजाकडे आणि आश्रयदात्याकडे वाहत गेला, गोलंदाजाच्या वाट्याला तो क्वचितच आला. आणि ही सवय खेळाच्या सुरुवातीच्या काळातच जडलेली आहे. सुरतेच्या किनाऱ्याचा इतिहास हे दाखवायला पुरेसा आहे.

या किनाऱ्याचा क्रिकेटशी संबंध जडला तो व्यापारामुळे. इंग्रजांचे पहिले जहाज 1608 मध्ये सुरतेला लागले, 1613 मध्ये त्यांची वखार इथे पक्की झाली. भारतातल्या क्रिकेटचा सर्वांत जुना लिखित उल्लेख 1721 चा आहे आणि तोही सुरतेलगतच्या आखातातल्या खंबायतचा : ईस्ट इंडिया कंपनीचे खलाशी मुक्कामाच्या दिवसांत व्यायाम म्हणून किनाऱ्यावर क्रिकेट खेळत, असे क्लेमंट डाउनिंगने नोंदवून ठेवले आहे. पण खलाशांनी खेळावे आणि स्थानिकांनी पाहावे एवढ्याने खेळ रुजत नाही. तो रुजला पारशांमुळे. सुरतेचे बंदर मागे पडत गेले, कंपनीचे मुख्य ठाणे 1687 मध्ये मुंबईला गेले, आणि त्यापाठोपाठ सुरत-नवसारीकडचे पारशी दलाल, सुतार, व्यापारी मुंबईची वाट धरू लागले. जहाजबांधणीतले लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहूनच मुंबईच्या गोदीत आले. 1837 मध्ये सुरतेत मोठी आग लागली आणि स्थलांतर आणखी वाढले. मुंबईत स्थिरावलेल्या याच समाजाच्या मुलांनी 1848 मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हा भारतीयांचा पहिला क्रिकेट क्लब. पुढे मैदानावर इंग्रजांचे पोलोचे घोडे खेळपट्टी उखडत, तेव्हा शापूरजी सोराबजी यांच्यासारख्यांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. खेळायला जागा मिळवण्यासाठीही या पिढीला झगडावे लागले.

पारशांनी 1886 मध्ये पहिल्यांदा आपला संघ इंग्लंडला नेला. 28 सामन्यांत त्यांना एकच विजय मिळाला, 19 सामने ते हरले. दोन वर्षांनी, 1888 मध्ये, दुसरा संघ गेला आणि 31 सामन्यांपैकी 8 जिंकून, 11 हरून, 12 अनिर्णित राखून परतला. या दोन आकड्यांमधला फरक कशाने पडला हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. दुसऱ्या संघात नवसारीत जन्मलेला, ऑक्टोबर 1866 चा, म्हणजे त्या उन्हाळ्यात एकवीस वर्षांचा मेहेलाशा पावरी होता. आजच्या हिशेबाने कॉलेजात शिकण्याचे वय. त्याने त्या एका दौऱ्यात 170 बळी घेतले, दर बळीमागे 11.66 धावा देऊन. परक्या हवेत, परक्या खेळपट्ट्यांवर, सगळा उन्हाळाभर एका गावाहून दुसऱ्या गावाला जात वेगवान गोलंदाजी करणे हे शरीराची कसोटी पाहणारे काम आहे. एकवीस वर्षांच्या मुलाने ते पार पाडले. दीड वर्षाने जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ भारतात आला. 30 आणि 31 जानेवारी 1890 रोजी बॉम्बे जिमखान्यावर पारशांशी त्यांची गाठ पडली. पहिल्या डावात पारशी 17 धावांनी मागे पडले होते : व्हर्ननचा संघ 97, पारशी 80. सामना हातचा गेल्यातच जमा होता. दुसऱ्या डावात पावरींनी 34 धावांत 7 गडी बाद केले, पाहुण्यांचा डाव 61 वर संपला आणि जे. एम. फ्रामजी पटेल यांच्या पारशी संघाने चार गडी राखून सामना जिंकला. व्हर्ननच्या संघाचा त्या दौऱ्यातला हा एकमेव पराभव.

यावर एक आक्षेप सहज घेता येतो आणि तो टाळून चालणार नाही. 1888 च्या दौऱ्यातले प्रतिस्पर्धी बहुतेक स्थानिक क्लबांचे संघ होते, बलाढ्य काउंटी नव्हेत. आणि व्हर्ननचा संघही हौशी खेळाडूंचा होता, इंग्लंडचे नामांकित व्यावसायिक गोलंदाज त्यात नव्हते. हे खरे आहे. 170 बळींचा आकडा प्रथम श्रेणीच्या तराजूत टाकून कोणाशी तुलना करणे योग्य होणार नाही. परंतु तुलना करायचीच तर ती 1886 च्या पारशी संघाशी करावी लागेल. त्यांच्याही समोर साधारण याच दर्जाचे संघ होते आणि त्यांना एक विजय मिळवताना नाकी नऊ आले. व्हर्ननच्या बाबतीतही तेच म्हणता येईल. हाच हौशी संघ हिंदुस्थानात इतरत्र कोणाकडूनही हरला नाही. तो एकदाच हरला, आणि तो ज्या डावामुळे हरला त्या डावातले दहापैकी सात बळी एकाच माणसाचे होते. शिवाय 1895 मध्ये पावरी इंग्लंडमध्ये मिडलसेक्स काउंटीकडून एक सामना खेळले. रणजितसिंह ससेक्समधून काउंटी क्रिकेटमध्ये पाय रोवत होते तो हा उन्हाळा. इंग्लंडच्या अव्वल काउंटीने एका भारतीय गोलंदाजाला संघात घ्यावे, यावरून त्यांच्या दर्जाचा अंदाज बांधता येतो. पुढे पावरींनी मुंबईत डॉक्टरी केली, 1901 मध्ये 'पारसी क्रिकेट' हे पुस्तक लिहून आपल्या समाजाच्या खेळाचा वृत्तांत आणि खेळाडूंसाठी मार्गदर्शन एकत्र केले, आणि 1946 मध्ये त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारताच्या उंबरठ्यापर्यंत ते जिवंत होते.

दुसरा आक्षेप जागेबद्दलचा आहे. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होती, सुरत ब्रिटिश मुलखात. पावरींचा खेळ फुलला तो मुंबईच्या मैदानावर. मग सुरतेने त्यांच्यावर हक्क का सांगावा? यातला अर्धा भाग मान्य करायला हवा. गोलंदाजाला लागतात ते प्रतिस्पर्धी, क्लब, मैदान आणि सामन्यांची सवय, आणि हे सगळे पावरींना मुंबईने दिले. त्या श्रेयात सुरतेने वाटेकरी होण्याचे कारण नाही. पण संस्थानाची सीमा कागदावर होती. नवसारी आणि सुरत यांत तीसेक किलोमीटरचे अंतर. पारशांची अग्निमंदिरे, सोयरिकी, व्यापार आणि बोली या दोन्ही गावांना एकाच समाजात बांधून ठेवत होत्या. जमशेटजी टाटांचा जन्म नवसारीचा आहे हे दक्षिण गुजरात अभिमानाने सांगतो. त्यांचे कर्तृत्व मुंबई आणि नागपूरला घडले म्हणून ते नाते कोणी नाकारत नाही. उद्योगपतीला जो न्याय मिळतो तो गोलंदाजालाही मिळावा, एवढेच माझे म्हणणे आहे. गावाने आपल्या माणसाची आठवण ठेवावी; ती ठेवली म्हणजे मुंबईचे श्रेय कमी होत नाही.

आता मूळ प्रश्न : गोलंदाजाचा मान हरवला कुठे? त्याचे उत्तर पुण्यात सापडते. बाळू पालवणकर हे पावरींनंतरच्या पिढीतले, आणि माझ्या मते त्या काळातले भारताचे सर्वांत मोठे गोलंदाज. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पूना क्लबवर महिना चार रुपये पगारावर काम करत. खेळपट्टी लोळवणे, जाळी उभारणे, आणि इंग्रज साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकणे हे त्यांचे काम. जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या नामवंत फलंदाजाला त्यांनी असे असंख्य चेंडू टाकले. मात्र त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. या एका गोष्टीत त्या काळच्या क्रिकेटची समाजरचना दिसते. फलंदाजी ही साहेबाची, संस्थानिकाची, मानाची जागा. गोलंदाजी ही चाकरी. बाळू पुढे हिंदूंच्या संघात आले तेव्हाही मैदानावर त्यांचे बळी सर्वांना हवे असत, पण विश्रांतीच्या वेळी त्यांना चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ 23 पैकी 15 सामने हरला. त्या पडझडीत बाळूंनी वयाच्या पस्तिशीत 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यासाठी 1923 मध्ये त्यांचा भाऊ विठ्ठल याची वाट पाहावी लागली. विठ्ठल थोर खेळाडू होता यात शंका नाही, पण तो फलंदाज होता हेही विसरता येत नाही. जात हे बाळूंच्या नाकारलेल्या मानाचे मुख्य कारण होते. त्याच्या जोडीला गोलंदाजीकडे श्रम म्हणून पाहण्याची दृष्टीही होती, आणि या दोन गोष्टींची मुळे एकच आहेत.

कोणी विचारेल की पावरी तर प्रतिष्ठित समाजातले, डॉक्टर, इंग्रजी शिकलेले. बाळूंचे दुःख त्यांच्या पंक्तीला कसे बसवता? बसवत नाही. पावरींना कोणी वेगळ्या भांड्यात चहा दिला नाही, त्यांच्या हयातीत त्यांचे नाव पारशांमध्ये आदराने घेतले जात होते. बाळूंवर झालेला अन्याय वेगळ्याच जातीचा आणि कितीतरी खोल होता. पण म्हणूनच पावरींचे उदाहरण उपयोगी पडते. ज्याच्या वाटेत जातीचा अडथळा नव्हता, ज्याने स्वतःच्या समाजाचा क्रिकेटइतिहास लिहिला, ज्याने इंग्लिश संघाला हरवले, त्याचेही नाव शंभर वर्षांत पुसले गेले. यावरून कळते की जातीचा अन्याय बाजूला काढला तरी मागे काहीतरी उरते, आणि ते म्हणजे गोलंदाजाला दुय्यम मानण्याची सवय.

ही सवय पाहायची असेल तर भारतीय क्रिकेटमधल्या करंडकांची यादी वाचावी. रणजी करंडक 1934 पासूनचा. ज्यांच्या नावे तो आहे ते रणजितसिंह अद्वितीय फलंदाज होते, पण त्यांच्या 15 कसोट्या इंग्लंडकडून खेळलेल्या आहेत. दुलीप करंडक दुलीपसिंहांच्या नावे. त्यांच्या 12 कसोट्याही इंग्लंडकडूनच. देवधर, सी. के. नायडू, विजय हजारे, विजय मर्चंट, सय्यद मुश्ताक अली : सगळी नावे आपल्या प्रेमाची, आणि सगळ्यांची कीर्ती मुख्यतः फलंदाजीची. इराणी करंडक प्रशासकाच्या नावे. 1935-36 पासून विद्यापीठांच्या संघांमध्ये खेळला जाणारा रोहिंटन बारिया करंडक एका पारशी दात्याने दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिला. देशातल्या कितीतरी कॉलेजकुमारांनी तिथून कसोटीपर्यंत मजल मारली. आणि रणजी स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणाऱ्या गोलंदाजाला क्रिकेट मंडळ जे पारितोषिक देते ते माधवराव सिंदिया यांच्या नावे, म्हणजे तेही प्रशासकाचे. गोलंदाजाचा गौरव करतानाही गोलंदाजाचे नाव सुचले नाही. याला अपवाद आहेत आणि ते नोंदवायला हवेत. विनू मंकड यांच्या नावे युवकांची स्पर्धा आहे. मंकड अष्टपैलू होते आणि त्यांचे 162 कसोटी बळी आहेत. भारताच्या पहिल्या कसोटीत, 1932 मध्ये लॉर्ड्सवर, 93 धावांत 5 बळी घेणाऱ्या महंमद निसार यांच्या नावे भारत आणि पाकिस्तानच्या देशांतर्गत स्पर्धांतल्या विजेत्या संघांमध्ये एक करंडक 2006 साली सुरू झाला. 2008 नंतर तो बंद पडला. एवढ्या लांबलचक यादीत एवढेच अपवाद निघतात.

सुरतेकडे परत येऊ. रुसी सुरती यांच्या नावातच शहर आहे. त्यांचा जन्म 25 मे 1936 चा, सुरतेचा. डावखुरे फलंदाज, नव्या चेंडूने मध्यमगती आणि चेंडू जुना झाल्यावर फिरकी टाकणारे, उत्तम क्षेत्ररक्षक. 1960 ते 1969 या काळात ते 26 कसोट्या खेळले. त्यांच्या बाजूने अतिशयोक्ती करण्याची गरज नाही : 42 बळी, सरासरी 46.71. बळींच्या मोजमापाने हा थोर गोलंदाज ठरत नाही, आणि 1263 धावांमुळे त्यांची ओळख फलंदाज म्हणूनही सांगता येते. पण ज्या संघाकडे खरा वेगवान गोलंदाज नव्हता त्या संघात नवा चेंडू हातात घेऊन फिरकीवाल्यांची वेळ येईपर्यंत धावत राहण्याचे काम त्यांनी केले. 1967-68 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारत चारही कसोट्या हरला. त्या मालिकेतल्या अॅडलेड कसोटीत सुरतींनी 70 आणि 53 धावा केल्या आणि 74 धावांत 5 बळीही घेतले. त्याच दौऱ्याच्या पुढच्या टप्प्यात न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातली पहिली मालिका जिंकली, ऑकलंडला सुरती 99 वर बाद झाले. नंतर ते क्वीन्सलँडकडून ऑस्ट्रेलियातल्या शेफील्ड शील्ड स्पर्धेत खेळणारे पहिले भारतीय कसोटीपटू ठरले आणि तिथे त्यांनी हॅटट्रिकही घेतली. त्यानंतरची पिढी भरूच जिल्ह्यातल्या इखर गावच्या मुनाफ पटेलची. 2006 मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीत 7 बळी, आणि 2011 च्या विश्वचषकात 11. त्या विश्वचषकाचे नाव काढले की षटकाराचा फटका आठवतो. स्पर्धेत सर्वाधिक, 21, बळी घेणाऱ्यांत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान होता हे आठवावे लागते.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा आणि म्हणून सर्वांत टिकाऊ आहे : लोकांना धावा आवडतात, मग मान फलंदाजाला जाणे स्वाभाविकच नाही का? आवड स्वाभाविक असेल, पण इतिहास लिहिताना आवडीला पुरावा मानता येत नाही. दोन्ही डाव मिळून वीस गडी बाद झाल्याशिवाय सहसा कसोटी जिंकता येत नाही. भारताने पहिली कसोटी 1952 मध्ये मद्रासला जिंकली ती मंकडांच्या 12 बळींवर. 1968 ची न्यूझीलंडमधली मालिका प्रसन्नांच्या 24 बळींवर. 1971 चे ओव्हलवरचे यश चंद्रशेखर यांच्या 38 धावांतल्या 6 बळींवर. या प्रत्येक विजयात फलंदाजांचा वाटा होता, पण पारडे फिरवले ते चेंडूने. 1890 च्या बॉम्बे जिमखान्यावरचा विजय याच मालिकेतला पहिला म्हणावा लागेल. ज्या खेळात आपले महत्त्वाचे विजय गोलंदाजांनी मिळवले, त्या खेळाच्या सन्मानचिन्हांवर गोलंदाजांची नावे जवळजवळ नसावीत, ही विसंगती आवडीनिवडीने झाकता येणारी नाही.

ही चूक दुरुस्त करणे अवघड नाही आणि त्यासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहण्याचीही गरज नाही. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या क्षेत्रात सुरत, नवसारी आणि भरूच हे तिन्ही जिल्हे येतात, म्हणजे पावरी, सुरती आणि मुनाफ या तिघांचीही जन्मभूमी. या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन क्रिकेटमधल्या सर्वोत्तम गोलंदाजाला डॉ. मेहेलाशा पावरी यांच्या नावे पदक द्यावे. सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियममध्ये 2019 साली भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या महिला संघांचे टी-ट्वेंटी सामने झाले. तिथे एका गोलंदाजी टोकाला रुसी सुरतींचे नाव द्यायला फारसा खर्च येणार नाही. शहराच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहतात आणि महापालिकेच्या मराठी शाळांत त्यांची मुले शिकतात. त्या शाळांतल्या शिक्षकांनी वर्गात एकदा बाळू पालवणकर आणि मेहेलाशा पावरी ही दोन नावे शेजारी शेजारी फळ्यावर लिहावीत, आणि एकाने चार रुपये पगारावर तर दुसऱ्याने एकवीस वर्षांच्या वयात काय करून दाखवले हे मुलांना सांगावे. चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या मुलालाही आपल्या कामाला इतिहास आहे हे कळले पाहिजे.